सुऱ्यांची सामूहिक ऑर्डर : लोखंड आपले, मजुरी कारागिराची

बकरी ईद जवळ आली की आपल्या मोहल्ल्यांतून दर वर्षी एकच तक्रार ऐकू येते. बाजारातून आणलेली चकचकीत सुरी पहिल्या बकऱ्यालाच बोथट झाली, दुसऱ्याला मूठ हलू लागली, आणि मग शेजारच्या घरची जुनी सुरी मागून आणावी लागली. ईदचे तीन दिवस सोडले तरी आपल्या किनाऱ्यावर रोज मासळी कापली जाते. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली या भागांत विळी आणि सुरी यांच्याशिवाय एकही स्वयंपाकघर चालत नाही. तेव्हा वीस-तीस घरांनी मिळून आपल्याच भागातील लोहाराकडून चांगल्या सुऱ्या का घडवून घेऊ नयेत, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. मीही हा उद्योग दोनदा केला. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा जमले. धंद्याने मी कापडवाला आहे. लोखंडावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की माझे त्यात नुकसान झाले आहे. पण नुकसान का झाले याचा विचार करताना जे कळले, ते लोखंडापुरते नाही. फर्निचर, शिलाई, भरतकाम, होडीचे काम, जिथे जिथे अनेकांचे पैसे गोळा करून कारागिराला आगाऊ दिले जातात तिथे ते लागू पडते.

प्रथम हातच्या सुरीचा फायदा काय ते पाहू. बाजारातील स्वस्त सुरीचे पाते पातळ स्टेनलेसच्या पत्र्यातून छापून काढलेले असते. ते गंजत नाही हे खरे, पण बहुधा मऊ असते आणि धार धरत नाही. आपल्याकडचा लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेतो. ते स्प्रिंगचे पोलाद असते, त्यात साध्या लोखंडापेक्षा कार्बन जास्त असतो, आणि म्हणून ते पाणी घेते. लाल तापवून एकदम थंड केले की कडक होते, मग पुन्हा हलके तापवून तो कडकपणा थोडा उतरवतात, म्हणजे पाते काचेसारखे तडकत नाही. साध्या सळीच्या किंवा पत्र्याच्या लोखंडाला कितीही पाणी दिले तरी ते मऊच राहते. सगळी मेख इथे आहे, कारण घासून चकचकीत केल्यावर दोन्ही पाती सारखीच दिसतात. आमच्या धंद्यात जिच्याशिवाय पान हलत नाही ती मेरठची कैचीही अशाच जुन्या गाड्यांच्या भंगारातील पोलादाची असते. तिला २०१३ साली भौगोलिक निर्देशांकाची सरकारी नोंद मिळाली. भंगारातून केलेली वस्तू हलकी असते असा ज्यांचा समज आहे त्यांनी कोणत्याही जुन्या शिंप्याला त्याच्या कैचीबद्दल विचारावे.

एकट्याने एक सुरी करून घ्यायची म्हटले तर लोहाराला ती परवडत नाही. एका सुरीसाठी भट्टी पेटवायची, कोळसा जाळायचा, आणि हातातले शेतकऱ्याचे काम बाजूला ठेवायचे. तीस सुऱ्यांचे काम असेल तर तो दोन-तीन दिवस भट्टी त्याच कामाला लावतो, हात बसतो, सुऱ्या एकसारख्या उतरतात. सामूहिक ऑर्डरचा फायदा दोन्ही बाजूंना आहे तो असा.

आता माझी फसलेली ऑर्डर. २०१२ साली बकरी ईद ऑक्टोबरच्या अखेरीस होती. मी चोवीस घरांकडून प्रत्येकी शंभर रुपये आगाऊ घेतले, उरलेले शंभर सुरी हातात पडल्यावर. कारागिराशी बोली एकशे ऐंशीची होती. वरचे वीस रुपये मी गाडीभाड्यासाठी आणि धावपळीसाठी धरले होते, पण ते कोणाला सांगितले नव्हते. जमलेले दोन हजार चारशे रुपये मी तसेच कारागिराच्या हातावर ठेवले. लिहिले काहीच नाही. “मध्यम सुरी, हलकी, मजबूत,” एवढेच बोलणे झाले.

मध्यम म्हणजे किती? कोळंबी सोलणाऱ्या बाईची मध्यम वेगळी आणि सुरमईचे तुकडे करणाऱ्या बाईची वेगळी. “हलकी” या शब्दाचा अर्थ कारागिराने पातळ असा घेतला. त्यातच ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली, त्याच्याकडे विळ्यांना दाते पाडून घ्यायला रांग लागली, आणि आमच्या सुऱ्या ईदच्या आदल्या दिवशी घाईघाईने आल्या. चोवीसपैकी नऊ सुऱ्यांची पाती साध्या पत्र्याची निघाली, कांदा चिरताना वाकत होती. नऊ घरांनी त्या परत केल्या. कारागीर म्हणाला, “शेठ, पाट्याचेच लोखंड पाहिजे असे तुम्ही कुठे सांगितले होते?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आगाऊ पैसे त्याच्या घरच्या आजारपणात केव्हाच खर्च झाले होते आणि उरलेले एक हजार नऊशे वीस रुपये तो मागत होता.

मी त्याला पूर्ण पैसे दिले आणि नऊ घरांचे आगाऊ परत केले. गाडीभाडे सोडून १३२० रुपये अंगावर आले. ते मी विसरलो असतो. पण वीस रुपयांची गोष्ट कशी कोण जाणे बाहेर फुटली, आणि “शेठने सुऱ्यांत कमिशन खाल्ले” असे जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर बोलले गेले. ते वीस रुपये गाडीभाड्यातच संपले होते, पण सांगितले नव्हते ते नव्हतेच. दुकानावर रोज येणारी काही माणसे पुढे वर्षभर आली नाहीत.

त्यानंतर मी एका मौलानांकडे बसून हा व्यवहार शरीअतच्या नजरेने समजून घेतला. मी स्वतः आलीम नाही. उर्दू शाळेत जे शिकलो आणि त्यांच्याकडून जे कळले ते व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी वाचकांनी आपापल्या आलीमांना विचारून घ्यावे.

पहिला प्रश्न असा की मी त्या व्यवहारात कोण होतो? विक्रेता की वकील? हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी हुजूर सल्ल. यांना विचारले होते की लोक माझ्याकडे नसलेली वस्तू मागतात, मी ती त्यांना विकून मग बाजारातून आणून देऊ का? आपल्याजवळ नाही ते विकू नकोस, असे उत्तर मिळाले. मी दोनशे रुपयांत सुरी “विकत” होतो आणि सुरी जगात अस्तित्वात नव्हती. मी लोकांचा वकील असतो तर गोष्ट वेगळी होती. मग त्यांचे पैसे माझ्याकडे अमानत, आणि माझा मेहनताना घ्यायचा तर तो आधी ठरवून, सांगून घ्यायचा. वीस रुपये घेणे हराम नव्हते, लपवून घेणे चुकीचे होते.

दुसरा प्रश्न आगाऊ रकमेचा. अजून न बनलेल्या वस्तूच्या व्यवहाराचे दोन रस्ते फिकहमध्ये सांगितले आहेत. एक सलम. मदीनेत लोक खजुरांचे पैसे एक-दोन वर्षे आधी देत असत. हुजूर सल्ल. यांनी त्याला परवानगी दिली, पण माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी ही अट घातली. दुसरा इस्तिस्ना, म्हणजे कारागिराला सांगून वस्तू करवून घेणे. हनफी फिकहमध्ये तो स्वतंत्र करार म्हणून मान्य आहे आणि त्यात पैसे आधी, नंतर किंवा हप्त्याने देता येतात. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या मजल्ला या कायदेसंग्रहातही तो आहे. करार झाल्यावर कोणी मागे फिरायचे नाही, पण वस्तू सांगितलेल्या वर्णनाची नसेल तर घेणाऱ्याला नाकारण्याचा हक्क, असे तिथे म्हटले आहे. कोकणातील आपण मुसलमान मात्र बहुतेक शाफई. शाफई मसलकात इस्तिस्ना स्वतंत्रपणे मानला जात नाही. तो सलमच्या अटींत बसवावा लागतो, आणि सलममध्ये पूर्ण किंमत त्याच बैठकीत द्यावी लागते. माझे “अर्धे आधी, अर्धे नंतर” आमच्या मसलकाच्या कसोटीवर मुळातच बसत नव्हते. जिद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने मे १९९२ च्या आपल्या सातव्या बैठकीत इस्तिस्ना दोन्ही पक्षांवर बंधनकारक ठरवला, वस्तूचा प्रकार, संख्या, गुण आणि मुदत स्पष्ट असावी ही अट घातली, आणि पैसे मागाहून किंवा हप्त्याने देण्यास मुभा दिली. त्या आधारावर चालणारे आजचे अनेक शाफईही आहेत. पण ज्या कामात वीस घरे आहेत तिथे कोणाच्याही मनात शंका राहू नये, असा रस्ता मला हवा होता.

तो रस्ता मला किताबीत सापडण्याआधी एका म्हाताऱ्या लोहाराच्या तोंडून ऐकायला मिळाला. दुसऱ्या वेळी मी त्यांच्याकडे गेलो आणि आगाऊ किती द्यायचे ते विचारले. त्यांनी भाता थांबवला आणि म्हणाले, “शेठ, तुमचे पैसे मला नकोत. लोखंड तुम्ही आणा, मी हाताची मजुरी घेईन. लोखंड खोटे निघाले तर तुमचे, काम खोटे निघाले तर माझे.” पूर्वी शेतकरी असेच करीत. पाटा आपला घेऊन यायचे आणि कोयता घडवून न्यायचे. आणि हीच पद्धत मी पंचवीस वर्षे भिवंडीत बघत आलो होतो! तिथे व्यापारी सूत देतो, यंत्रमागवाला ते विणून कापड देतो आणि मजुरी घेतो. सूतही व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याला तिथे जॉब वर्क म्हणतात. कापडात रोज जे करीत होतो ते लोखंडात सुचले नव्हते.

मौलानांना ही पद्धत सांगितली तेव्हा ते म्हणाले की हा विक्रीचा व्यवहारच राहिला नाही, ही इजारा झाली, मजुरीचा करार. काम ठरलेले आणि मजुरी ठरलेली असली म्हणजे झाले, आणि ठराविक कारागिराच्याच हातचे काम ठरले असेल तर मजुरी आधी किंवा नंतर दिली तरी चालते. नसलेली वस्तू विकण्याचा प्रश्नच राहत नाही, कारण लोखंड पहिल्या दिवसापासून आपल्या मालकीचे आहे. कारागिराच्या हातात रोख आगाऊ पडत नसल्यामुळे ती खर्च होण्याचाही धोका नाही. भंगारवाल्याकडून पाटा आपण स्वतः निवडून घेतल्यामुळे पत्र्याचे पाते येण्याची शक्यता उरत नाही.

फक्त एक गोष्ट आधी बोलावी लागते. पाणी देताना एखादे पाते तडकते. कितीही चांगला कारागीर असला तरी तडकते. ते नुकसान कोणाचे? कारागिराने निष्काळजीपणा केला नसेल तर शाफई फिकहच्या प्रबळ मतानुसार तो भरपाई देणे लागत नाही. हनफी फिकहमध्ये इमाम अबू युसुफ आणि इमाम मुहम्मद यांचे मत अधिक कडक आहे. आम्ही त्या वादात न शिरता तीस सुऱ्यांसाठी तेहतीस सुऱ्यांचे लोखंड दिले, आणि मजुरी फक्त पास झालेल्या सुरीची असे ठरवले. दोन पाती तडकली. कोणाचा आवाज चढला नाही.

लोखंड किती लागेल याचा हिशोब अवघड नाही. सात इंच लांब, दीड इंच रुंद आणि एक अष्टमांश इंच जाड पाते धरले तर त्याचे घनफळ सव्वा घन इंचाहून थोडे जास्त, १.३१ भरते. एक घन इंच पोलादाचे वजन साधारण १२९ ग्रॅम, म्हणजे पाते १७० ग्रॅमच्या आत. मुठीत जाणारा भाग, भट्टीत जळून पडणारा पापुद्रा आणि घासणीत जाणारे लोखंड धरून तीनशे ग्रॅम पकडावे. तेहतीस पात्यांना दहा किलो पुरते. आता नमुन्यादाखल आकडे धरू, दर ज्याने त्याने आपल्या बाजारात विचारावेत. लोखंड दहा किलो साठ रुपयांनी सहाशे रुपये. घडाईची मजुरी तीस सुऱ्यांची अडीचशेप्रमाणे साडेसात हजार. मुठीचे लाकूड, रिव्हेट आणि सुताराचे काम पन्नासप्रमाणे दीड हजार. गाडीभाडे व किरकोळ सहाशे. एकूण दहा हजार दोनशे, म्हणजे सुरीमागे तीनशे चाळीस. लोखंडाचा वाटा एकूण खर्चात किती थोडा आहे ते पाहा. ज्या गोष्टीवर सुरीचा सगळा दर्जा अवलंबून आहे ती गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तिच्यात काटकसर करू नये. आणि या हिशोबात संयोजकाचा मेहनताना नाही. तो घ्यायचा असेल तर ही पाचवी रक्कम म्हणून उघड लिहावी.

वर्णन ठरवताना शब्दांवर विश्वास ठेवू नये. लोहार आणि सुतार “सूत” म्हणतात ते एक अष्टमांश इंचाला, आम्ही कापडवाले सूत म्हणतो ते धाग्याला. मी “एक सुताची पाठ” ऐकले तेव्हा क्षणभर मला हसू आले होते. पाठीची जाडी, लांबी आणि रुंदी सुतांत व इंचांत लिहून घ्यावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे शिंप्यासारखा पुठ्ठ्याचा कट. ज्या घरात वीस वर्षांची आवडती सुरी आहे तिथून ती मागून आणा, पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलने कड काढा आणि कापा. लोहार तोच आकार पत्र्यावर उतरवून घेतो. हे ठरवताना घरातील बायकांना विचारा. आम्ही पुरुष सुरी वर्षातून तीन दिवस हातात धरतो आणि सल्ला वर्षभर देतो. दुसऱ्या वेळी मी प्रथम त्यांना विचारले तेव्हा उत्तर सरळ मिळाले. बोंबील, कोळंबी आणि भाजीसाठी चार इंची, रोजच्या मासळी-मटणाला सात इंची, आणि कुर्बानीला व मोठ्या सुरमईला आठ इंची. तीनच प्रकार ठेवा. प्रत्येक घराच्या मर्जीने आकार बदलू लागला की सामूहिक ऑर्डरचा फायदा संपला. हाड तोडायचा सत्तूर या ऑर्डरमध्ये घालू नये. त्याची जाडी, वजन आणि पाणी देण्याची रीत वेगळी असते.

मूठ लोहाराकडून बसवून घेण्यापेक्षा सुताराकडे द्यावी. जपानमध्ये साकाई हे शहर सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पाते घडवणारा एक, धार काढणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा अशी कामाची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्या तालुक्यातही लोहार, धारवाला आणि सुतार आहेतच, फक्त त्यांना जोडणारा कोणी नसतो. संयोजकाचे काम म्हणजे ते जोडणे. मुठीला शिसम किंवा बाभळीचे पुरते वाळलेले लाकूड घ्यावे. ओले लाकूड घेतले तर ते पुढे आवळते, रिव्हेट सैल पडते आणि फटीत मासळीचे पाणी शिरते.

तीस सुऱ्या एकदम घडवू देऊ नयेत. आधी प्रत्येक प्रकारची एक सुरी करून घ्या, ती आठवडाभर एका घरात वापरा, आणि मगच बाकीच्यांना हो म्हणा. कापडात आम्ही नमुन्याचा तुकडा कापून अर्धा आपल्याकडे आणि अर्धा समोरच्याकडे ठेवतो. सुरी कापता येत नाही, पण नमुन्याची सुरी संयोजकाकडे ठेवून पुढची प्रत्येक सुरी तिच्याशेजारी ठेवून बघता येते.

वेळेचा विचार माझ्या पहिल्या चुकीतून शिकलो. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २०२४ साली ती १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. म्हणजे सध्या काही वर्षे ती पावसाच्या तोंडावर येते, आणि नेमके तेव्हाच शेतकरी कोयते आणि नांगराचे फाळ घेऊन लोहाराच्या दारात उभे असतात. रस्त्याकडेला पाल ठोकून काम करणारे घिसाडी कारागीरही पावसाआधी मुक्काम हलवण्याच्या घाईत असतात. तेव्हा काम हिवाळ्यात द्यावे, भातकापणी संपल्यावर. माझी दुसरी ऑर्डर डिसेंबरात दिली होती, फेब्रुवारीत सुऱ्या हातात होत्या.

कराराचा कागद एका पानाचा पुरतो. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआनमधील ही सर्वांत लांब आयत, आणि ती आहे हिशोबावर! आम्ही केलेला मसुदा असा होता :

“आम्ही खाली सही करणारे … घरांचे लोक श्री. … यांना आमचे वकील नेमतो. लोखंड (कमानीचा पाटा) … किलो आमच्या पैशांतून घेऊन कारागिरास वजन करून दिले आहे. त्यातून सोबतच्या पुठ्ठ्याच्या कटाप्रमाणे ४ इंची …, ७ इंची …, ८ इंची … सुऱ्या घडवायच्या. पाठीची जाडी एक सूत. पाणी दिलेले असावे. कोळसा व हत्यारे कारागिराची. मजुरी पास झालेल्या सुरीमागे … रुपये, सुऱ्या तपासल्यावर त्याच दिवशी रोख. तीन पाती तडकली तरी कारागिरावर बोजा नाही. मुदत … तारीख. वादळ, आजार, वीज बंद अशा कारणाने उशीर झाल्यास … दिवसांची सवलत. उरलेले लोखंड परत. वकिलाचा मेहनताना … रुपये / काही नाही. साक्षीदार दोन.”

वादळाचे कलम पाहून काहींना हसू आले होते. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, घरांवर कौले नव्हती, तिथे घासणीची मोटार कुठून चालणार? त्या साली ईद १ ऑगस्टला आली. ज्यांनी कारागिराकडे तेव्हा तारखेचा हट्ट धरला त्यांनी चांगले केले नाही.

“त्याच दिवशी रोख” हे कलम मी स्वतः घातले. मजुराला घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी ही हदीस आपण सारे सांगतो. पण लोहाराच्या बाबतीत त्याहून एक जवळची गोष्ट आहे. हजरत खब्बाब बिन अरत (रजि.) मक्केत लोहारकाम करीत. आस बिन वाइल याच्यासाठी त्यांनी तलवार केली होती. पैसे मागायला गेले तर तो म्हणाला, आधी मुहम्मद (सल्ल.) यांना नाकार, मग देईन. सूरह मरियमच्या ७७ व्या आयतीचा संदर्भ हाच आहे. लोहाराची मजुरी अडवणाऱ्याचे नाव कोणत्या यादीत आहे ते लक्षात ठेवून मगच उधारीची भाषा करावी.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू शस्त्र ठरत नाहीत. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या सोडून. आमची मोठी सुरी आठ इंची ठेवण्याचे हेही एक कारण. शिवाय सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सुऱ्या, काठ्या बाळगण्यावर मनाई हुकूम निघतात. तीस सुऱ्यांचे गाठोडे ईदच्या आठवड्यात एसटीत घेऊन बसणे म्हणजे नसती आफत. काम हिवाळ्यात उरकावे, सुऱ्या पुठ्ठ्यात गुंडाळून एका खोक्यात आणाव्यात, सोबत “स्वयंपाकाच्या सुऱ्या” असे लिहिलेली लोहाराची पावती आणि सह्यांचा कागद ठेवावा, आणि वाटप घरोघरी करावे, चौकात नाही. घडीचा किंवा खटक्याचा चाकू कोणी मागितला तर सरळ नाही म्हणावे. कुवेत, दुबईच्या नातेवाइकांसाठी सुरी पाठवायची तर ती विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, नीट गुंडाळून मोठ्या सामानात द्यावी लागते.

सुऱ्या ताब्यात घेताना लोहाराच्या समोर तपासाव्यात, घरी आणून नव्हे. पाठीवरून एक डोळा मिटून पाहिले की पाते सरळ आहे की नाही ते कळते. धारेजवळ जुनी कानस हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पाणी चढले आहे, लोखंड खाऊ लागली तर पाते मऊ आहे. लोहचुंबक लावून काही कळत नाही, मऊ लोखंडही चिकटतेच. पाते थोडे वाकवून सोडावे, ते परत सरळ यायला हवे. मूठ कानाजवळ धरून झटकावी, आवाज आला तर सुताराकडे परत. आमच्या तीसपैकी चार सुऱ्या यात नापास झाल्या. दोन पुन्हा पाणी देऊन सुधारल्या, दोन मुठीसाठी गेल्या. लोहारदादांनी आपली चूक असलेल्या दोन सुऱ्यांचे काम दुसऱ्या दिवशी स्वतःहून करून दिले.

घरी दिल्यावर एक सूचना प्रत्येक बाईला द्यावी लागते. हे पोलाद स्टेनलेस नाही. आपल्या खाऱ्या हवेत ते ओले ठेवले तर रातोरात गंजते, आणि कोकम, चिंच, लिंबू लागले की काळे पडते. काळे पडणे हा दोष नाही, गंज हा दोष आहे. धुतली की लगेच पुसायची आणि ठेवून द्यायची असेल तर खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. कुर्बानीच्या आधी ती निसण्यावर घासून घ्यावी. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी तेज करून घेण्याची ताकीद सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे, आणि बोथट सुरी घेऊन उभे राहणाऱ्याला ती कितपत आठवते कोण जाणे.

शेवटी हिशोबाचा कागद. तो मी मोहल्ल्यातील एका दुकानाच्या भिंतीवर आठ दिवस लावून ठेवला होता. लोखंड, मजुरी, मुठी, भाडे, सगळ्या पावत्यांसह. या वेळी मेहनताना घेतला नाही, तेही त्यात लिहिले. दीड किलो लोखंड उरले होते. ते तीस घरांचे होते, म्हणून तीसही घरांना विचारावे लागले. बहुतेकांनी लोहारदादांना देऊन टाका म्हटले, दोन घरांनी आपला वाटा मागितला. प्रत्येकी पन्नास ग्रॅमचा तो वाटा तीन-तीन रुपयांचा झाला. तो त्यांना रोख दिला. उरलेल्या लोखंडातून दादांनी एक अडकित्ता केला आणि माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला नाही, कारण त्यांच्याशी काम अजून व्हायचे होते. सोळा घरांनी पुढच्या हिवाळ्यासाठी विळ्यांची नावे आधीच दिली होती.